नावाने मांडलेले ताट



गळीत हंगाम भरात आला की शेतकी ऑफिसात रोज सकाळी एकच हिशेब सुरू होतो. कोणत्या गटात किती टोळ्या, किती गाड्या, किती कोयते. कोयता म्हणजे तोडणी करणारी नवरा-बायकोची जोडी, हे आपणांस सांगायला नकोच.

गेल्या हंगामात एका टोळीतल्या बाईस रात्री जबर ताप भरला. नवरा लेकरांजवळ कोपीवर थांबला. आम्ही आणि मुकादम तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेलो. केसपेपर काढताना नाव विचारले. बाई ग्लानीत. मुकादम नवऱ्याचे नाव सांगून गप्प झाला. आम्ही आमची वही उघडली, तर तीत एवढेच लिहिलेले: 'कोयते 14.' दोन महिने ती बाई आपला ऊस तोडत होती आणि तिचे नाव आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. दोन दिवसांनी ती बरी होऊन फडात आली, पण आमच्या मनाला लागलेली चुटपुट काही जाईना.

अशातच रोम शहरातील एका नाताळच्या जेवणाची हकीगत आमच्या वाचनात आली. देश परका, सण परका. पण विषय आपल्या फडातलाच वाटला. म्हणून ती येथे देत आहोत.

वीस पानांची पंगत

इटलीची राजधानी रोम. तीतून टायबर नदी वाहते. नदीच्या पलीकडील वस्तीस त्रास्तेवेरे म्हणतात. नावाचा अर्थही 'टायबरपलीकडे' असाच.

सन 1968 मध्ये आंद्रेआ रिकार्दी नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांना गोळा केले. शहराच्या कडेला झोपडपट्ट्या होत्या. तेथील पोरांना दुपारच्या वेळी शिकवायचे, असे या मुलांनी ठरवले. पैसा नाही, जागा नाही, वडीलधारे पाठीशी नाहीत. सन 1973 मध्ये त्यांना त्रास्तेवेरे भागातील सांत एजिदिओ हा जुना मठ मिळाला आणि मंडळाला तेच नाव पडले.

पुढे सन 1982 चा नाताळ आला. नाताळच्या दुपारी तिकडे घरोघर सगळे कुटुंब जेवायला एकत्र बसते. आपल्याकडे दिवाळीत बसते तसेच. मग ज्याला कुटुंबच नाही, त्याने त्या दिवशी जावे कुठे? मंडळींनी त्रास्तेवेरेतल्या सांता मारिया या बाराव्या शतकातील चर्चमध्येच मेजे मांडली आणि सुमारे वीस माणसांना जेवायला बोलावले. काही वस्तीतले एकटे म्हातारे-म्हातारी, काही रस्त्यावर झोपणारे. सोन्याच्या पच्चीकारीची चित्रे असलेल्या त्या देवळात, जिथे एरवी प्रार्थनेची बाके असतात, तिथे पंगत बसली.

मोदेस्ताची आठवण

त्या पंगतीला महिना उलटला आणि 31 जानेवारी 1983 रोजी रोमच्या मुख्य रेल्वे स्टेशनाजवळ मोदेस्ता वालेंती नावाची 71 वर्षांची निराधार बाई आजारी पडली. रुग्णगाडी आली, पण बाई अंगाने घाण आहे, म्हणून तिला गाडीत घेतले नाही. तासन् तास तशीच पडून ती तेथेच वारली.

सांत एजिदिओची मंडळी तेव्हापासून दरवर्षी तिची आठवण करतात आणि रस्त्यावर मेलेल्या माणसांची नावे एकेक करून मोठ्याने वाचतात. रोममध्ये 'मोदेस्ता वालेंती रस्ता' असा एक कागदावरचा पत्ताही आहे. ज्याला घर नाही, त्याची नोंद या पत्त्यावर होते. नोंद झाली म्हणजे ओळखपत्र आणि सरकारी दवाखाना मिळण्याची वाट मोकळी होते. नाव आणि पत्ता या दोन गोष्टी नसल्या की माणूस कसा वाऱ्यावर पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

काम चालते कसे?

या जेवणाला पगारी माणूस नाही. विद्यार्थी, नोकरदार, गृहिणी, सेवानिवृत्त माणसे असे सगळे आपापली सवड काढून येतात. कोणी रांधतो, कोणी वाढतो, कोणी भांडी उचलतो. लाझान्या नावाचा थरांचा पदार्थ, मांसाचा वडीसारखा प्रकार आणि सोबत मसूर, शेवटी पानेतोने हा गोड पाव, असा साधारण बेत असतो. येणारात निरनिराळ्या देशांची आणि धर्मांची माणसे असतात.

दोन नियम आम्हांला विशेष वाटले. एक म्हणजे रांग नाही. पाहुणा बसून जेवतो आणि त्याला वाढले जाते. दुसरा नियम नावाचा. पाहुण्याचे नाव आधी माहीत करून घ्यायचे आणि त्याच्यासाठीची भेटवस्तू त्या नावाने बांधायची. याचा अर्थ असा की जेवण एका दिवसाचे असले तरी ओळख वर्षभराची लागते. वर्षभर ही मंडळी रस्त्यावरच्या माणसांकडे जातात. सन 1988 मध्ये त्यांनी दांदोलो रस्त्यावर गरिबांसाठी भोजनगृह उघडले. सन 1990 पासून 'कोठे जेवावे, झोपावे, अंग धुवावे' हे सांगणारी पुस्तिका ते छापून वाटू लागले. 27 डिसेंबर 2009 रोजी खुद्द पोप बेनेडिक्ट सोळावे त्याच भोजनगृहात गरिबांच्या मेजावर जेवले.

वीस पानांची ती पंगत आता सत्तरांहून अधिक देशांत पसरली असून अलीकडच्या वर्षांत दोन लाखांवर माणसे तीत बसतात. काही ठिकाणी ती तुरुंगातही वाढली जाते.

आपण काय करावे?

सहकार आपल्याला कोणी शिकवायला नको. भंडारे, सप्ते, गावजेवणे आपण पिढ्यान् पिढ्या घालत आलो. पण आपल्या फडात राबणारी टोळी त्या पंगतीत कितीदा बसली, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आमची सूचना साधी आहे. कारखान्याच्या खर्चात काही घालू नये. भोगीच्या दिवशी ज्याच्या फडात तोड चालू असेल, त्याने शेजारच्या चार घरांना सोबत घ्यावे. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी, लोणी, आणि संक्रांतीचा तिळगूळ एक दिवस आधीच. कोपीवर डबा पाठवून मोकळे होऊ नये. बांधावर एका पंगतीत टोळीबरोबर आपणही बसावे आणि त्याआधी प्रत्येकाचे, बायामाणसांचे, लेकरांचे नाव विचारून घ्यावे.

आमच्याकडूनही एक सांगतो. यंदा शेतकी खात्याच्या वहीत कोयत्यांच्या आकड्यापुढे आम्ही नावांचा रकाना आखला आहे. पहिल्या ओळीत त्या ताप आलेल्या बाईचे नाव लिहिले आहे. ती यंदाही आपल्याच कारखान्याकडे आली आहे. बाकीच्या ओळी भरायला आपली मदत हवी.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते