काचेच्या खोलीचे हँडल

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. डेहराडूनला आम्ही राहतो त्या घराच्या मागच्या पडवीला तिन्ही बाजूंनी काचा लावून खोली केलेली आहे. थंडीच्या दिवसांत सासूबाईंचा मुक्काम तिथेच असतो. उन्हाला बसणे, लसूण सोलणे, कुंड्यांची देखभाल, सगळे तिथेच. घरातून त्या खोलीत जायला यूपीव्हीसीचे दार आहे आणि खोलीतून अंगणात उतरायला तसेच दुसरे. पहिल्या दाराचे खोलीच्या बाजूचे हँडल दिवाळीपासून लुळे पडले होते. दाबले की खाली जाई, पण आपोआप वर येत नसे. यजमान सीमेवर, मी नोकरीत. ‘बघू रविवारी’ म्हणता म्हणता सहा महिने गेले.

त्या दिवशी मी कामावर होते आणि आपल्याच शाळेचा कॅडेट असलेला माझा मुलगा सुट्टीवर येऊन मैदानावर खेळायला गेला होता. सासूबाई कुंड्यांना पाणी घालायला खोलीत गेल्या आणि वाऱ्याने दार लागले. उघडायला गेल्या तर हँडल मानेपाशी मोडून हातात आले. अंगणाच्या दाराला कुलूप, किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीला, फोन पलंगावर. काचेची खोली अकरानंतर भट्टीसारखी तापते. मुलगा परत आला आणि घराच्या बाजूने त्याने दार क्षणात उघडले, पण तोवर दीड तास झाला होता. झारीतले उरलेले पाणी अंगावर शिंपडत त्या कोपऱ्यातल्या सावलीत बसल्या होत्या. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा एवढेच म्हणाल्या, “काय गं, आला का तुझा रविवार?”

त्याच आठवड्यात मुलाने आणि मी मिळून हँडल बदलले. काम तासाभराचे निघाले, पण त्याआधी आमची बाजारात एक फुकट खेप झाली. ती तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

दाराच्या पोटात काय असते?

दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक उभी पट्टी आणि तिच्यावर हँडल असते. दोन्ही हँडलांना जोडणारी चौकोनी सळई दाराच्या आरपार जाते. तिला स्पिंडल म्हणतात. ती बहुतेक दारांत ८ मिमी जाडीची असते. दाराच्या पोटातल्या कुलपाच्या पेटीतून ही सळई जाते. हँडल खाली दाबले की सळई फिरते आणि पेटीतली जीभ आत ओढली जाते. अनेक दारांत हँडल वर उचलले की दाराच्या कडेची लांब पट्टी सरकते आणि वर, मध्ये, खाली असे तीन-चार ठिकाणी खटके चौकटीत बसतात. मग किल्ली फिरवायची. पट्ट्या आवळणारे स्क्रू एकाच बाजूने, म्हणजे घराच्या आतून दिसतात. बाहेरून कोणी पट्टी खोलू नये म्हणून ही योजना. सासूबाई स्क्रू नसलेल्या बाजूला अडकल्या होत्या, हेही ओघाने आले.

हँडल मोडते का?

दुकानातून नवे आणून बसवले आणि तेही वर्षात मोडले, असे अनेकांचे होते, कारण दोष पुष्कळदा हँडलचा नसतोच. दार बिजागरीवर थोडे खाली बसते, खटके चौकटीतल्या खाचांसमोर येत नाहीत आणि आपण जोर लावून हँडल उचलत राहतो. हँडल बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते. ते वाकत नाही, मानेपाशी एकदम तुटते. शिवाय यूपीव्हीसी उन्हाने फुगते. एका मीटरला एका अंश सेल्सिअसमागे साधारण ०.०७ मिमी धरले, तर २ मीटर उंचीचे दार २५ अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर वाढू शकते. आत पोलादी पट्टी असल्यास वाढ कमी होते, तरी दुपारी दार अडते ते यामुळेच.

म्हणून आधी एक साधी परीक्षा करा. दार सताड उघडे ठेवून हँडल वर-खाली करून पाहा. उघड्या दारात ते सहज चालते आणि बंद दारात अडते, तर दार खाली बसले आहे. पुष्कळ दारांच्या बिजागरीवरची टोपी काढली की ॲलन कीने फिरवायचा स्क्रू सापडतो. तो एका वेळी पाव फेराच फिरवून पाहायचा. उघड्या दारातही हँडल जड चालते, तर गडबड कुलपाच्या पेटीत आहे. ते हलके चालते पण लुळे पडते, तर बहुधा पट्टीतली स्प्रिंग गेली आहे. आमच्या दारात पहिला आणि तिसरा असे दोन्ही दोष होते. आधी बिजागरी सारखी केली, मगच हँडलला हात लावला.

मापे घेतल्याशिवाय बाजारात जाऊ नका

आमची फुकट खेप इथेच झाली. मोबाइलवरचा फोटो पाहून दुकानदाराने ‘हेच’ म्हणून दिलेले हँडल घरी आल्यावर बसेना. किल्लीचे भोक सात मिलिमीटर वर येत होते. पाच मापे कागदावर लिहून न्या:

१. सळईच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. हे सगळ्यांत महत्त्वाचे. ८५ आणि ९२ मिमी ही मापे नेहमी आढळतात. आमचे ९२ होते, आणले होते ८५.

२. वरच्या स्क्रूच्या मध्यापासून खालच्या स्क्रूच्या मध्यापर्यंतचे अंतर.

३. पट्टीची लांबी आणि रुंदी. नवी पट्टी आखूड असली तर जुनी भोके आणि डाग उघडे पडतात.

४. सळईची जाडी.

५. दाराची जाडी. सळई आणि स्क्रू किती लांब हवेत ते यावरून ठरते.

शक्य असेल तर जुनी पट्टीच काढून सोबत न्या. मुंबई, कोची, विशाखापट्टणमसारख्या समुद्राकाठच्या गावी राहत असाल तर खाऱ्या हवेचा विचार करा. तिथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील ३०४ पेक्षा अधिक टिकते, कारण त्यात मॉलिब्डेनम असते आणि ते मिठाच्या माऱ्याला तोंड देते.

प्रत्यक्ष काम

दार उघडेच ठेवा आणि ते लागू नये म्हणून मध्ये जड खुर्ची लावा. हँडल काढलेले दार वाऱ्याने लागले तर पुन्हा तोच प्रसंग. खाली जुना टॉवेल अंथरा. मुलाने हत्यार साफ करताना मांडतात तसा प्रत्येक भाग निघाला त्या क्रमाने ओळीत मांडला, त्यामुळे परत जोडताना विचारच करावा लागला नाही.

किल्ली काढून घ्या. आतल्या बाजूचे स्क्रू सोडवताना दुसऱ्याने बाहेरची पट्टी धरून ठेवावी, नाहीतर ती पायावर पडते. पट्ट्या निघाल्या की सळई ओढून काढा. एवढ्यासाठी कुलपाचे सिलिंडर सहसा काढावे लागत नाही. कुलपाच्या कडेची पट्टी पुसून खटक्यांवर पातळ तेलाचे दोन थेंब सोडा. जाड ग्रीस लावू नका, त्यात धूळ बसते.

नवी सळई घालून दोन्ही पट्ट्या टेकवून पाहा. पट्टी दाराला सपाट टेकत नसेल तर सळई किंवा स्क्रू लांब आहेत. हेक्सॉने कापून टोक कानशीने घासा. सळई आखूड असेल तर मात्र ती वापरू नका, ती हँडलमध्ये पुरेशी शिरत नाही आणि काही दिवसांत निसटते. स्क्रू आधी हाताने लावा, मग साध्या स्क्रू-ड्रायव्हरने थोडे थोडे आळीपाळीने आवळा. ड्रिल मशीनने आवळू नका. पट्टी वाकली की नवे हँडलही जड चालते.

शेवटी तपासणी. दार उघडे असताना हँडल दहा वेळा वर-खाली करा, किल्ली फिरवून पाहा. मग एक जण आत, एक जण बाहेर उभे राहून दार बंद करा आणि दोन्ही बाजूंनी उघडून पाहा. दोघांशिवाय ही शेवटची परीक्षा करू नये.

अडकलातच तर

हँडल मोडले आणि सळईचे टोक दिसत असेल, तर ते पकडीने घट्ट धरून हँडल दाबण्याच्या दिशेने फिरवा. जीभ आत जाते. सळईच निसटली असेल तर चौकोनी भोकात बसेल असा स्क्रू-ड्रायव्हर घालून फिरवून पाहा. आता आमच्या काचेच्या खोलीतल्या फळीवर कायम एक पक्कड असते. अंगणाच्या दाराला आम्ही आतून बोटाने फिरवायची मूठ असलेले सिलिंडर बसवले आहे, म्हणजे आत असणाऱ्याला किल्ली शोधावी लागत नाही. आग लागली तरी तीच मूठ कामी येईल.

कॅडेट मित्रांनो, सुट्टीवर घरी गेलात की आजी-आजोबा ज्या दारांतून ये-जा करतात त्या दारांची हँडले एकदा हाताखालून घाला. लुळे, जड किंवा डुगडुगणारे एखादे सापडले तर मापे घ्या आणि त्याच आठवड्यात बदला. पालकहो, मुलांना हे काम करू द्या, तुम्ही पलीकडची पट्टी धरा. आमच्या घरी नवे हँडल बसल्यावर सासूबाईंनी ते स्वतः चार वेळा दाबून पाहिले, मगच दार लावून आत बसल्या.