सुगंधी मेणाच्या वड्या

नारळाची वडी तुम्हाला माहीत आहे. पण ही वडी खायची नाही, हिचा वास घ्यायचा. आईच्या बचत गटातल्या बाया दिवाळीत विकायला या वड्या करतात.

साहित्य : मेण १ किलो, सुगंधी तेल ५० ग्रॅम, झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या.

कृती : मोठ्या पातेल्यात पाणी तापवावे. त्यात लहान पातेले ठेवून मेण वितळवावे. मेण थेट जाळावर ठेवायचं नाही. फार तापलं की पेट घेतं. पेटलंच तर पाणी ओतू नये, भडका उडतो. वर झाकण ठेवावे. मुलांनी लांब बसावे.

पातेले खाली उतरवून मग तेल घालावे व ढवळावे. जाळावरच घातलं तर वास उडून जातो. गुलाबपाणी चालत नाही, कारण मेणात पाणी मिसळत नाही. नंतर साच्यात ओतून वर पाकळ्या टाकाव्यात. एका वडीला २० ग्रॅम मेण लागते, म्हणजे १ किलोत ५० वड्या.

या वडीला वात नसते. कापूरदाणीच्या वाटीत वडी ठेवून खाली पणती लावली की ती वितळते आणि घरभर वास सुटतो.

गुलाब, मोगरा सगळ्या दुकानांत मिळतो. म्हणून आई वाळ्याचे तेल घालते. उन्हाळ्यात माठात वाळा टाकतात, तोच वास. गिऱ्हाईक तो ओळखतं अन् परत येतं.

पाकिटावर 'खाऊ नये' असे मोठ्या अक्षरात लिहावे. ते काम माझ्याकडे आहे. धाकट्या भावंडांना वाचता येत नाही, म्हणून मी फुलीचे चित्रही काढते.

– इयत्ता ४ थी