अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांची शुश्रूषा : परिचारिका कुटुंबीयांना काय शिकवतात?

होसकोटे (बंगळुरू) : रुग्णालयातून सुट्टी मिळते ती रुग्णाला. शुश्रूषेचे काम मात्र त्याच दिवशी घरातील कोणाच्या तरी, बहुधा पत्नीच्या, सुनेच्या किंवा लेकीच्या, हाती येते. पक्षाघात झालेल्या सासऱ्यांना कुशीवर कसे वळवावे, हे डिस्चार्ज कार्डावरून शिकता येत नाही. ते शिकवण्याचे काम परिचारिकांचे आहे. केंद्र सरकारने २०१०-११ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक आरोग्यसेवा कार्यक्रमात, घराबाहेर पडू न शकणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी जाणे आणि त्यांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांना प्रशिक्षण देणे, हा उपकेंद्राच्या कामाचाच भाग मानला आहे.

बंगळुरूच्या पूर्वेला, कोलारच्या रस्त्यावर वसलेले होसकोटे मराठी वाचकाला शहाजीराजांच्या जहागिरीतील गाव म्हणून परिचित असेल. आज तेथे कारखाने आणि गोदामे आहेत. तरुण मंडळी पाळीवर गेली की घरात रुग्ण आणि त्याची काळजी घेणारी एकच व्यक्ती, अशी स्थिती अशा गावांत सहज उद्भवते. शिवाय या भागात कन्नडबरोबर तेलुगू, तमिळ आणि उर्दूही बोलली जाते. त्यामुळे छापील पत्रकापेक्षा प्रात्यक्षिक अधिक उपयोगी पडते.

या पद्धतीचे एक ठळक उदाहरण बंगळुरूतच घडले. नारायण हृदयालयात हृदयशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना ‘नूरा हेल्थ’ या संस्थेच्या उपक्रमात परिचारिकांनी वॉर्डातच शिकवण्यास सुरुवात केली. पुढे हा उपक्रम अनेक राज्यांतील सरकारी रुग्णालयांत पोहोचला. अशा शिकवणीचा सर्वमान्य क्रम साधा आहे : आधी करून दाखवायचे, मग नातेवाइकाकडून करून घ्यायचे, शेवटी ‘आता तुम्ही मला सांगा’ असे म्हणायचे. नुसत्या होकारार्थी मानेवर अनुभवी परिचारिका विसंबत नाही.

सर्वाधिक वेळ जातो तो शय्याव्रणांवर, म्हणजे बेडसोरवर. एकाच कुशीवर पडून राहिल्याने माकडहाड, नितंब आणि टाचांवरील त्वचेचा रक्तपुरवठा दबतो. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. ओढायचे नाही, कारण घासल्याने नाजूक त्वचा सोलवटते. अंगाखाली आडवी घातलेली चादर दोघांनी धरून उचलायचे. लाल झालेली जागा बोटाने दाबूनही फिकी पडत नसेल, तर व्रणाची सुरुवात झाली असे समजावे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही; तेथे ऊब किंवा कडकपणा हाताने तपासावा लागतो. अशी जागा तेल लावून जोरात चोळणे आणि रबरी रिंगवर बसवणे, हे मायेपोटी केले जाणारे दोन्ही उपाय अपायकारक ठरतात. खरे तर ‘काय करू नये’ हा या शिकवणीतील सर्वांत अवघड धडा आहे, कारण तेथे वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याशी गाठ असते.

भरवताना रुग्णाला उशांच्या आधाराने ताठ बसवायचे, घास लहान ठेवायचा, जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. वारंवार ठसका लागत असेल तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवायची. अचानक भ्रम, ताप किंवा लघवी बंद होणे, यांपैकी काहीही दिसल्यास थांबायचे नाही.

शिकणाऱ्या व्यक्तीच्या पाठीचाही विचार करावा लागतो. उचलताना कंबरेतून न वाकता गुडघ्यांतून वाकणे तिला शिकवले जाते. रात्रीची पाळी मात्र घरातील दुसऱ्या कोणी तरी घ्यावी लागते, आणि त्यासाठी पुरुषांनाही प्रात्यक्षिकाला बसवणे गरजेचे ठरते. एका भेटीत हे सारे हाती बसत नाही. म्हणूनच दुसऱ्या भेटीत परिचारिका प्रश्न विचारण्याआधी पांघरूण बाजूला करून रुग्णाच्या टाचा पाहते.