अजून एक वर्ष, मग मसाले!

मैत्रिणींनो, पंचावन्नाव्या वर्षी बाईने नोकरी बदलायची म्हटली, की पहिला प्रश्न येतो, ‘आता या वयात?’ आणि दुसरा, ‘तीन वर्षांनी रिटायरच व्हायचंय ना?’ सध्या मी दोन्ही ऐकतेय.

मुलं मोठी झाल्यावर, शेहेचाळिसाव्या वर्षी मी एका खासगी कारखान्यात अकाउंट्सला लागले. रोजच्या एसटीने आणि जिन्यांनी गुडघे कुरकुरायला लागलेत. अशात मैत्रिणीने विचारलं, ‘माझ्या मसाल्यांचे हिशेब बघशील? पगार नऊ हजार. पण साठीनंतरही तुला कुणी घरी जा म्हणणार नाही.’ काम घरापासून दोन गल्ल्यांवर!

हे म्हणाले, ‘सोडच ती नोकरी. पी.एफ. काढ, पत्रे बदलू.’ मी मात्र वही घेऊन बसले. पी.एफ.मधल्या पेन्शनला किमान 10 वर्षांची सेवा लागते. माझी 9 झालीयत. मैत्रिणीकडे सातच बायका, आणि पी.एफ. बंधनकारक होतो तो 20 माणसं असली तर. म्हणजे तिथे गेले, की माझी सेवा नवावरच अडकणार.

आणखी एक वर्ष काढलं तर? शेवटच्या 60 महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. माझा सरासरी पगार 12,000. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिना साधारण 1,714 रुपये. शिवाय ग्रॅच्युइटी एका वर्षाने वाढेल ती वेगळीच.

‘एवढ्याशा पैशांसाठी गुडघे झिजवणार?’ लेक चिडली. अगं, किराणा नाही भागणार त्यात, पण बी.पी.च्या गोळ्या येतील. आणि त्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही, अगदी शेवटपर्यंत.

आमच्या सासूबाई शहात्तराव्या वर्षीही लसूण सोलतात. त्यांना कुठे कुणी रिटायर केलं? बाईचं काम थांबत नाही, थांबतो तो पगार. मग अठ्ठावन्नला सगळं संपलं असं का समजायचं? अंगाला झेपेल आणि चार पैसे हातात देईल असं काम पुढे असलेलं बरंच की!

मैत्रिणीला सांगितलंय, वर्षभर थांब. तोवर रविवारी येऊन वह्या लावून देईन. ती कबूल झालीय.

तुम्हीही राजीनामा लिहिण्याआधी सेवेची वर्षं मोजा. नव्या ठिकाणी पी.एफ. असेल तर जुने पैसे काढू नका, खातं तिकडे वळवून घ्या. दोन्हीकडची वर्षं एकत्र धरली जातात. घाम आपण गाळलाय, त्याचा हिशेबही आपल्यालाच यायला हवा.