धावणारा क्वार्टरबॅक आणि त्याला साजेशी चाल

अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमणाची सूत्रं क्वार्टरबॅककडे असतात. तो उत्तम फेकणारा आहे की वेगाने धावणाराही, हे पाहूनच प्रशिक्षकाने डावपेच आखायला हवेत.

‘झोन रीड’ ही चाल पाहा. बचावफळीच्या टोकावरच्या एका खेळाडूला मुद्दाम कुणीच अडवत नाही. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूच्या) पोटाशी धरतो, पण नजर त्या मोकळ्या खेळाडूवर ठेवतो. तो मोकळा खेळाडू रनिंग बॅकवर झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडेच ठेवून बाहेरच्या बाजूने पळतो. तो जागीच थांबला, तर चेंडू रनिंग बॅकला देतो. त्यामुळे इतरांना अडवायला एक गडी जास्त मिळतो. मात्र क्वार्टरबॅक संथ असेल, तर त्याची धास्ती उरत नाही आणि चालच फसते.

ही चाल लोकप्रिय करणारे प्रशिक्षक रिच रॉड्रिगेझ २००८ च्या हंगामात मिशिगन विद्यापीठात आले. त्याआधी वेस्ट व्हर्जिनियात त्यांच्याकडे चपळ क्वार्टरबॅक पॅट व्हाइट होता. मिशिगनमध्ये तसा कुणी तयार नव्हता. इतर उणिवांचीही भर पडली आणि संघ १२ पैकी ९ सामने हरला. २०१० मध्ये त्याच पद्धतीत मिशिगनचा क्वार्टरबॅक डेनार्ड रॉबिन्सनने धावून १,७०२ यार्ड मिळवले.

धावणाऱ्या क्वार्टरबॅकला मारही जास्त बसतो, म्हणून त्याचं धावणं जपून वापरावं लागतं. महाविद्यालयीन संघात खेळाडू काही वर्षांतच बदलतात. अशा वेळी हाताशी असलेल्या मुलाच्या गुणांना न्याय देणारी पद्धत निवडणं, हेच प्रशिक्षकाचं खरं कसब आहे.