फ्रेंच क्रियापदांची अक्षरफोड

गोव्याच्या शालेय अभ्यासक्रमात फ्रेंच हा विषय आहे आणि गोवा विद्यापीठात त्या भाषेचे पदव्युत्तर शिक्षणही मिळते. तरीही घरी कोकणी बोलणारा आणि मराठी वाचत वाढलेला डिचोली-पेडण्याचा विद्यार्थी क्रियापदांचे तक्ते पाठ करूनही ती मोठ्याने वाचताना अडखळतो, कारण रोमी लिपीतील प्रत्येक वर्ण उच्चारला पाहिजे, असे तो गृहीत धरतो.

अक्षर म्हणजे एक स्वर आणि त्याला बिलगलेली व्यंजने, असा येथे अर्थ घ्यावा. ‘बोलणे’ या अर्थाच्या ‘पार्ले’ या क्रियापदाची ‘मी’, ‘तू’, ‘तो’ आणि ‘ते’ यांच्याबरोबरची वर्तमानकाळी रूपे लिहिताना सगळी सारखी दिसत नाहीत, ‘ते’च्या रूपाला तर ई-एन-टी असे तीन वर्ण लागतात, पण चारही रूपांचा उच्चार ‘पार्ल’ असा एकाक्षरीच होतो. ‘आम्ही’च्या रूपात मात्र ‘पार-लों’ अशी दोन अक्षरे ऐकू येतात.

याहून विलक्षण आहे तो क्षीण ‘ए’. ‘विकत घेणे’ या क्रियापदाचे ‘मी’चे रूप ‘आ-शॅत’ असे होते, तर ‘आम्ही’चे रूप बोलताना बहुधा ‘आश-तों’ असे उरते. म्हणजे पुढे स्वरयुक्त प्रत्यय आला की मधला स्वर गळतो आणि तसा प्रत्यय नसला की ठळक उमटतो, म्हणूनच पहिल्या रूपात त्या ‘ए’वर स्वरचिन्ह देतात. मराठी माणसाला हा नियम परका नाही: ‘समज’ची फोड ‘स-मज’ अशी होते, पण ‘समजा’ म्हणताना ‘सम-जा’ असाच उच्चार होतो आणि मधला ‘अ’ लिहिलेला असूनही कोणी उच्चारत नाही. हे साम्य वर्गात पहिल्याच आठवड्यात दाखवले पाहिजे.

‘पार-लों’मधला शेवटचा स्वर अनुनासिक असून तेथे ‘न’ उच्चारायचा नसतो. ‘हांव’, ‘तूं’ म्हणणाऱ्या कोकणी जिभेला ते जड जाऊ नये. याखेरीज शब्दांची सीमा ओलांडणारी फोडही लक्षात घ्यावी लागते: ‘तो प्रेम करतो’ हे ‘ई-लॅम’ आणि ‘ते प्रेम करतात’ हे ‘ईल-झॅम’ असे ऐकू येते, आणि एकवचन-अनेकवचनाचा सारा भेद त्या एका ‘झ’वर अवलंबून असतो. तेव्हा शिक्षकांनी तक्त्यातील प्रत्येक रूपाशेजारी त्याची उच्चारातील फोड देवनागरीत लिहून द्यावी आणि ती आधी ऐकवून मगच पाठ करून घ्यावी.