दोर टिकतो पिळावर

पोळा जवळ आला की सिंदफणेकाठच्या शिरूर कासार परिसरात बैलांच्या नव्या साजाची तयारी सुरू होते. कासरा, वेसण, मोरकी, दावं. अनुभवी शेतकरी दोर विकत घेताना आधी तो थोडा उलटा फिरवून पीळ किती घट्ट आहे ते पाहतो. त्याची ही परीक्षा शास्त्राला धरून आहे. दोराची ताकद जितकी धाग्यात, तितकीच पिळात असते.

पूर्वी हा दोर गावातच वळला जाई. केकताडाची, म्हणजे घायपाताची पानं किंवा अंबाडीची ताटं पाण्यात कुजत घालायची. पाण्यातले जिवाणू तंतूंना चिकटवून ठेवणारं पेक्टिन खाऊन टाकतात आणि वाख मोकळा होतो. तो धुवायचा, वाळवायचा, विंचरायचा आणि मग वळायचा. मराठवाड्यात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने मातंग समाजातल्या कारागिरांच्या हातात होती. शेतातली मोट, बैलाचं दावं, घरातलं शिंकं, सगळं त्यांच्या पिळावर टांगलेलं असे.

वाखाचा एक तंतू दोन-तीन हात लांब, आणि बोटांनी तुटेल इतका नाजूक. त्यातून पन्नास हातांचं चऱ्हाट कसं होतं? आखूड तंतूंचा लांब दोर बनतो कसा, हा प्रश्न गॅलिलिओनेही 1638 च्या आपल्या ग्रंथात घेतला होता. याचं उत्तर घर्षणात आहे. पीळ दिलेला तंतू मळसूत्रासारखा फिरत जातो. दोराला ताण बसला की प्रत्येक वेढा आतल्या तंतूंना आवळतो. ओढ जितकी जास्त, तितकी आवळण जास्त आणि तितकंच घर्षण जास्त. त्यामुळे तंतू एकमेकांवरून घसरत नाहीत.

पण नुसता पीळ सोडला की उलगडतो. घरी करून पाहा. हातभर सुती दोरा घ्या, दोन्ही टोकांनी उलटसुलट दिशांना पीळ भरा आणि टोकं एकत्र आणा. मधला भाग आपोआप दुपेडी होऊन गुंडाळला जाईल, तोही विरुद्ध दिशेने. दोर वळणारा हेच करतो. पेडाला एका दिशेने पीळ देतो आणि तीन पेड एकत्र वळताना दिशा उलटी करतो. पेडाची उलगडण्याची ओढ दोराला आवळते, आणि दोर सुटू पाहतो तेव्हा पेड आणखी पिळले जातात. दोन ओढी एकमेकींना धरून ठेवतात.

पिळालाही मर्यादा आहे. तो फार झाला तर तंतू ओढीच्या दिशेपासून तिरके होतात आणि ताकद घटते. डेन्मार्कच्या याकोब बोर आणि कास्पर ओल्सन या संशोधकांनी दशकाहून अधिक काळापूर्वी दाखवून दिलं की ठरावीक लांबीच्या पेडांना जास्तीत जास्त किती वेढे बसतील, हे भूमितीच ठरवते. धागा कशाचा आहे, याने फरक पडत नाही. म्हणूनच केकताडाचा आणि नायलॉनचा तीनपेडी दोर दिसायला इतके सारखे असतात. फ्रान्समधल्या एका गुहेत निअँडरथल मानवाने वळलेल्या दोरीचा इवलासा तुकडा सापडला. 2020 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. तो 40 हजार वर्षांहून जुना आहे, आणि तोही तीनपेडीच!

महाराष्ट्रात हीच विद्या कारखान्यात नेणाऱ्यांत गरवारे घराणं होतं. 1903 मध्ये तासगावला जन्मलेल्या आबासाहेब गरवारे यांनी मोटारींच्या व्यापारातून सुरुवात केली आणि पुढे प्लास्टिक व नायलॉनच्या उद्योगात पाय रोवले. 1976 मध्ये अमेरिकेतल्या वॉल इंडस्ट्रीजच्या सहकार्याने गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी स्थापन झाली. पुणे आणि वाई इथल्या कारखान्यांतून जहाजांचे दोर आणि मासेमारीची जाळी बाहेर पडू लागली. पुढे परदेशातल्या साल्मन माशांच्या समुद्री शेतीसाठीही इथून जाळी गेली. 2018 मध्ये कंपनीने गरवारे टेक्निकल फायबर्स हे नाव घेतलं.

कारखान्यात धागा बदलला. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं असतं, ते कुजत नाही आणि कितीही लांब अखंड ओढता येतं. आजच्या सर्वांत मजबूत पॉलिथिलीन धाग्यात लांबच लांब रेणू एका दिशेत ओढून बसवलेले असतात. वजनाच्या मानाने तो पोलादालाही मागे टाकतो. मात्र तो इतका गुळगुळीत असतो की त्याचे दोर बहुधा पिळण्याऐवजी वेणीसारखे विणतात. तिथेही निम्मे पेड डावीकडे आणि निम्मे उजवीकडे जातात, म्हणजे तोल विरुद्ध दिशांचाच राहतो. पण या धाग्याचं न कुजणं हे ओझंही आहे. केकताडाचं दावं जीर्ण झालं की मातीत मिसळतं. प्लास्टिकचा दोर उन्हात ठिसूळ होऊन त्याचे कण मातीत साठत राहतात.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. मला ती एका कारागिराची अचूक नोंद वाटते. जळताना तंतूतला वायू आणि ओलावा निघून जातो, पण राखेचा सांगाडा जागच्या जागी राहतो आणि वेढे तसेच दिसतात. शिरूरच्या शाळेत घर्षणाचा धडा शिकवायचा असेल, तेव्हा दोर वळणाऱ्या एखाद्या आजोबांना वर्गात बोलवावं. मुलांनी त्यांच्या हातून पीळ भरायला शिकावं आणि मग सूत्र लिहावं. हे हात थांबण्याआधी त्यांचं शास्त्र आपल्या वहीत उतरायला हवं.